हौसामावशींकडची तालीम

औंढ्यात पावसाळ्याचे दोन महिने असे असतात की समोरच्या घरातलं माणूस दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. बादली ठेवल्याचा आवाज येतो, म्हशीला घातलेली शिवी येते, कुणीतरी कुणाला चहाला बोलावतं. आपण घरात बसून ओळखतो, ही अमकी, हा तमका. डोळ्यांचं काम कानांकडे गेलेलं असतं. अशा दिवसांत ओढ्याकडेच्या एका भातखाचराच्या बांधावर हौसामावशी लाकडी स्टूल टाकून बसायच्या. खाचराच्या पलीकडच्या बांधावर, त्या पांढऱ्या धुक्यात, कुणीतरी पोरगी नाहीतर पोरगा उभा असायचा. मावशी डोक्यावरचं इरलं सावरून हाक द्यायच्या, "हां, सांगा. काय करता तुमी?"

आणि धुक्यातून उत्तर यायचं.

ती मुलाखतीची तालीम असायची. नोकरीच्या मुलाखतीची.

हौसाबाई ओव्हाळ आंबीकडच्या एका कारखान्यात शिपाई होत्या. त्यांचे यजमान आधी तिथे कामाला होते. ते काविळीनं गेले आणि त्यांच्या जागी कंपनीनं मावशींना घेतलं. "मला कुनी मुलाखत इचारलीच न्हाई," त्या सांगायच्या. "अंगठा का सही, येवढंच इचारलं. म्या म्हनलं सही. झाले शिपाई." त्यांची नेमणूक झाली भरती करणाऱ्या साहेबांच्या खोलीबाहेर. बाकावरच्या मुलांना नावानं हाक मारायची, आत सोडायचं, पाणी द्यायचं, कप उचलायचे. ज्यांना स्वतःला कुणी काही विचारलं नाही, त्यांनी पंचवीस-सव्वीस वर्षं रोज दुसऱ्यांना विचारलेलं ऐकलं. निवृत्त होऊन गावात परतल्या तेव्हा त्यांच्या कानात हजारो माणसांची उत्तरं होती.

मी त्यांच्याकडे गेले ती तीन ठिकाणी नापास होऊन. रसायनशास्त्र घेऊन पदवी झाली होती, गुणही वाईट नव्हते. पण मुलाखतीहून परतले की घरात कुणी विचारू नये म्हणून मी सरळ परसात धुणं धुवायला बसायची. एके दिवशी आई म्हणाली, "हौसाबाईकडं जाऊन ये." आजीनं वर बघितलं. आमची आळी आणि विहारामागची वस्ती यांच्यात अंतर असं दोनशे पावलांचंच, पण आमच्या घरातून काही मागायला तिकडे कुणी गेलेलं नव्हतं. आई परत म्हणाली, "जाऊन ये, मने."  मी गेले.

मावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या. उंच, सुकलेला बांधा, कपाळ कोरं, आणि फिकट जांभळं लुगडं. त्यांच्याकडे तसली दोनच होती आणि दोन्ही सारखी, म्हणून त्या मला कायम एकाच लुगड्यात आठवतात. ऐकताना डोळे मिटायची त्यांची सवय. मला पहिल्यांदा वाटलं, झोपल्या. मी थांबले की म्हणायच्या, "चालू दे, हाय मी."

त्यांनी विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, मला शिकायची आवड आहे, मी सगळ्यांशी मिळून मिसळून राहते.

मावशींनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्या खोलीत येवढी वरसं बसले, पर आळशी मानूस आलेला म्या एकबी बघितला न्हाई. समदी मेहनती. समदी प्रामानिक. तू काय हाईस ते सांगू नगं. तू काय केलंस ते सांग."

"मी काहीच केलं नाही अजून."

"कालेजात तीन वरसं झोपा काढल्या व्हय?"

मग हळूहळू माझ्या तोंडून निघालं. शेवटच्या वर्षी आम्ही गावातल्या पाण्याची तपासणी केली होती. विहिरीचं पाणी आणि हापशाचं पाणी. दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडून उलट लागल्या. ते कळलं तेव्हा अहवाल लिहून झाला होता, बाईंची सही झाली होती. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. मी बाईंना सांगितलं, आणि पुन्हा औंढ्याला येऊन दोन्हीकडचं पाणी भरून नेलं. सुट्टीचा दिवस होता, प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला बाई स्वतः आल्या होत्या.

मावशींनी डोळे उघडले. "हे सांगितलंस त्यांना?"

"चूक कशी सांगायची, मावशी?"

"चूक न्हवं. परत जाऊन पानी आनलंस ते सांग."

मग त्यांनी मला बांधावर उभं केलं. भाद्रपद होता, पण धुकं अजून उतरत होतं. मला माझे पायसुद्धा नीट दिसत नव्हते. पलीकडून मावशींचा आवाज यायचा, "मोठ्यानं न्हाई, नीट. मी भैरी न्हाई. जे सांगतीस ते तुला दिसतंय का? तुला दिसलं तर मला दिसंल." त्या पांढऱ्यात उभी राहून मी हापशाबद्दल बोलायला लागले, आणि खरंच मला तो हापसा दिसू लागला. त्याचा दांडा, भोवतीचं शेवाळ, बाटलीच्या गळ्यावर लावलेली ओली चिठ्ठी. मी कुणाला तरी पटवतेय, हे विसरूनच गेले. किती वेळ बोलले ठाऊक नाही. थांबले तेव्हा भोवती नुसतं भाताचं पाणी झुळझुळत होतं. पलीकडून एवढंच आलं, "झालं. जा घरी."

चौथ्या मुलाखतीत, आंबीच्याच एका औषधांच्या कारखान्यात, मी ते सांगितलं. प्रयोगशाळेचे प्रमुख लिहीत होते, त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "चुका सगळ्यांच्या होतात हो. सांगणारं माणूस मिळत नाही." त्या खोलीतून मी बाहेर आले ती हवेतून चालल्यासारखी. बस कुठली पकडली, तिकीट कधी काढलं, काही आठवत नाही.

मावशींकडे येणारी सगळीच माझ्यासारखी रडवेली नसत. गणेश म्हणून एक होता, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काम करायचा. त्याला एका मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षात उभं राहायचं होतं. मोबाईलवर बघून बघून त्यानं सगळी उत्तरं इंग्रजीत पाठ केली होती. मी त्या दिवशी मावशींच्या शेजारी बसले होते. मावशींनी धुक्यात हाक दिली, "तुमच्यात उनं काय हाय?" पलीकडून ऐटीत उत्तर आलं, "आय अ‍ॅम अ परफेक्शनिस्ट."

"म्हंजे?"

"म्हंजे मावशी, काम एकदम बरोबर झाल्याबिगर मी सोडतच न्हाई."

 मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुझी आय परवा सांगत व्हती, गोठ्याचं पत्रं तू अर्धं ठोकून खाली उतारलास."

 धुक्यातून हसू यायला लागलं, आधी दबलेलं, मग मोकळं.

"मग काय सांगू?"

"खरंच काय जमत न्हाई तुला?"

"सकाळी उठवत न्हाई मला. लय प्रयत्न केला."

"त्येच सांग. आन संध्याकाळी कितीबी वेळ उभा ऱ्हातो म्हनून सांग. ऱ्हातोस न्हवं?"

गणेशनं तसंच सांगितलं. हॉटेलवाल्यांना दुपारनंतरच्या पाळीला कुणी मिळत नव्हतं. तो आजही तिथे आहे, पाहुण्यांना खोल्यांच्या किल्ल्या देतो. सकाळी दहापर्यंत झोपतो.

कपड्यांबद्दल मावशी फार बोलत नसत. "इस्तरी आसावी, नवीन नसावं. नवीन कापडात मानूस पाव्हना दिसतं." बाकावर बसल्या बसल्या पुटपुटत पाठांतर करणाऱ्यांना त्या म्हणायच्या, "शेजारच्याचं नाव इचार. जीव थाऱ्यावर येतो." आणि निघताना सगळ्यांना एकच, "दार हळू लाव. रागानं न्हाई, भ्यानं न्हाई. हळू." धुक्यातल्या तालमीचं कारण मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या होत्या, "मी दाराबाहेर आसायची. मला मानसं आवाजावरनंच ठाऊक." मला ते पटलं होतं. पूर्ण कारण पुढे कळलं.

माझं नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. पाया पडले आणि म्हणाले, "मावशी, तुमच्यामुळे झालं." त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाल्या, "माझ्यामुळं काय काय झालंय ते तुला कुटं ठाऊक हाय. उद्या रिकामी हाईस न्हवं? भुशीला येतीस माझ्यासंगं?"

भुशीला, म्हणजे धरणावर. पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. मला नवल वाटलं, पण गेले. सकाळची गर्दी अजून चढायची होती. पायऱ्यांवरून पाणी संथ, दुधासारखं उतरत होतं. वरून ढग इतके खाली आले होते की पायऱ्या कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मावशी माझा हात धरून निळ्या ताडपत्रीच्या एका टपरीपर्यंत आल्या. एक पस्तिशीतली बाई शेगडीला वारा घालत कणसं भाजत होती.

"आलात का मावशी," ती म्हणाली. "यंदा उशीर केलात. लिंबू जास्त न्हवं?"

मावशी दर पावसाळ्यात तिथे यायच्या, हे मला तेव्हा कळलं. बाईनं माझ्याकडे बघून हौसेनं सांगितलं, "या मावशी लय वरसांपूर्वी मला भेटलेल्या. म्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलते. यांनी पानी दिलं, माझ्या हातनं अर्धा गिलास सांडला. पर या कायी बोलल्या न्हाईत. पुसून घेतलं गपचिप. म्या कवा इसरले न्हाई."

तिचं नाव संगीता.

मावशी टपरीच्या बांबूला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "बोलले मी, संगीता. तू गेल्यावर बोलले."

"काय?"

"सायबांनी तुझ्या नावाम्होरं बरुबरची खून केली व्हती. तुला घेनार व्हते. मला इचारलं, मावशी, ही पोरगी कशी वाटली? मला कवामवा इचारायचे. त्येचा लय मोठेपना वाटायचा मला. म्या म्हनलं, हात लय कापत्यात, भित्री हाय, ही टिकायची न्हाई." मावशींचा आवाज तसाच सपाट होता. "सायबांनी खून खोडली."

शेगडीवरचं कणीस तडतडत करपत होतं. संगीतानं ते उचललं नाही.  तिचे पहिले शब्द माझ्या अपेक्षेपेक्षा फार वेगळे निघाले.

"म्हंजे माझी उत्तरं बरोबर व्हती?"

"व्हय."

"समदी?"

"सायेब म्हनले, पोरगी हुशार हाय."

"त्यांनी इचारलं व्हतं, लगीन झाल्यावर काम सोडशील का. म्या म्हनलं, ठाऊक न्हाई. मला वाटायचं तितंच चुकलं." ती जणू स्वतःशीच बोलत होती. "कनसं भाजता भाजता किती येळा ते उत्तर म्या बदललं आसंल. आसं म्हनाया पायजे व्हतं, तसं म्हनाया पायजे व्हतं." मग तिनं करपलेलं कणीस बाजूला काढलं, दुसरं शेगडीवर ठेवलं, आणि मावशींच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मला थंडी वाजत व्हती, मावशी. भुशीवरनं टेसनापातुर भिजत चालत आलते. भ्या न्हवतं. थंडी व्हती."

मावशींनी बांबूवरचा हात काढून घेतला. 

"आता जावा," संगीता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "परत नका यिऊ हितं."

परतीच्या वाटेवर ढग आमच्या अंगावरून जात होते. मावशी दोन पावलं पुढे, मी मागे. एका वळणावर त्या थांबल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हनून मी धुक्यात उभं करते पोरांना. हात दिसाया नकोत. मला डोळ्यानं वाचता येतं आसं वाटायचं. येत न्हाई." मग लुगड्याच्या पदरानं चेहरा पुसला. पाऊस होता की काय, ते मी बघायचा प्रयत्न केला नाही.

त्यानंतर सात पावसाळे गेले. मावशी भुशीला गेल्या नाहीत. तालीम चालूच राहिली. ओढ्याकडेला रोपं लावली जायची, भात पोसवायचं, कापणी व्हायची. त्या बांधावर कुणी ना कुणी उभं असायचं आणि धुक्यातून आपली गोष्ट सांगायचं. मी प्रयोगशाळेत रुळले होते. सकाळी कंपनीच्या गाडीतून जाताना कधी कधी खिडकीतून मला तो बांध दिसायचा, कधी नुसते आवाज यायचे. आमची आजी अखेरच्या काळात एकदा म्हणाली होती, "हौसाबाईला म्हनावं, दारावरनं जातीस तर च्या घिऊन जा." मावशी आल्या. दोघी फारसं बोलल्या नाहीत, पण कपातला चहा संपायला पाऊण तास लागला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक मुलगी मावशींच्या अंगणात येऊन उभी राहिली. वीस-एक वर्षांची, केस घट्ट बांधलेले, हातात फाईल. मी योगायोगानं तिथे होते. म्हणाली, "मी कोमल. भुशीवरनं आले. आईनं पाठवलंय."

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात सुपात थांबले.

"कोन आई?"

"संगीता. कनसाची टपरी हाय आमची." मग मुलीनं जरा चाचरत, पाठ करून आणल्यासारखं सांगितलं, "आई म्हनली, त्यांना सांग, मुलाखत आंबीला हाय. शिकवा म्हनावं. नीट शिकवा."

मावशी उठल्या. आत गेल्या, बऱ्याच वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. मुलीनं पाणी प्यायलं. मावशी तिच्या हातांकडे बघत होत्या. सरळ, उघड्या डोळ्यांनी.

कोमलला त्यांनी बांधावर उभं केलं नाही. दिवस कोरडे होते, धुकंही नव्हतं, पण असतं तरी केलं नसतं असं मला वाटतं. आठ दिवस रोज तिला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ. ती बोलायची आणि मावशी बघायच्या. एकदाही डोळे मिटले नाहीत. शेवटच्या दिवशी कोमलनं विचारलं, "मला भीती वाटली तर?" मावशी म्हणाल्या, "तर त्यांना सांग, मला जरा भीती वाटतीया. थंडी वाजली तर सांग थंडी वाजतीया. त्यांच्यावर सोडू नगं काय समजायचं ते."

मुलाखत आमच्याच कारखान्यात होती, पॅकिंगच्या विभागात. माझा त्या खोलीशी संबंध नव्हता आणि मी कुणाशी काही बोललेही नाही. मावशींनीच बजावलं होतं, "तू मधी पडू नगं. तिचं तिला मिळू दे." कोमलला ते काम मिळालं. ती आता माझ्यासोबतच गाडीनं जाते, खिडकीची जागा धरून बसते आणि आंबीपर्यंत झोपते.

मावशी त्यानंतर महिन्याभरानं, पौषात गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. मी कामावर होते, पोचेपर्यंत सगळं झालं होतं. त्यामुळे माझ्या मनात त्यांचं जे चित्र राहिलं ते कोमलच्या मुलाखतीच्या सकाळचं.

इंद्रायणीवरून हिवाळी धुकं चढून आंबीच्या रस्त्यावर आलं होतं. आमच्या वरच्या बाजूचं असतं तसं दाट नव्हे, पातळ, उन्हानं आतून पिवळं झालेलं. मी नमुने आणायला फाटकाजवळच्या गोदामात आले होते. फाटकाबाहेर, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर मावशी बसलेल्या दिसल्या. त्या कोमलला घेऊन आल्या होत्या आणि ती आत गेल्यावर तिथेच थांबल्या होत्या. पहारेकऱ्यानं खुर्ची दिली होती, ती रिकामीच शेजारी होती.

मी हाक मारणार, तेवढ्यात कोमल आतून आली. पळत नव्हती, पण पाय जमिनीला लागत नव्हते. मावशींजवळ वाकून तिनं काही सांगितलं. मावशींनी तिच्या गालावरून हात फिरवला. मुलगी पुन्हा आत पळाली, कसल्या तरी कागदांवर सह्या करायच्या होत्या.

मग धुक्यातून एक स्कूटी आली आणि मोरीपाशी थांबली. संगीता होती. लेकीचं काय झालं ते बघायला आली असावी; कोमल संध्याकाळी माझ्यासोबतच परतणार होती. तिनं हेल्मेट काढलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, सात वर्षांनी. मला ऐकू येत नव्हतं, पण बोलणं फार झालं नाही, चार-दोन शब्द. संगीतानं मागची सीट ओढणीच्या टोकानं पुसली, दव पडलं होतं.

मावशी उठल्या. लुगडं सावरून एका बाजूला पाय घेऊन मागे बसल्या. हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. आधी सीटच्या कडेला धरून बघितलं, मग मांडीवर ठेवला. स्कूटी सुरू झाली, खड्ड्यात थोडी हलली, तेव्हा संगीतानं मागे हात नेऊन मावशींचा हात धरला आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवला. तो तिथेच राहिला. ते फिकट जांभळं लुगडं पिवळ्या धुक्यात थोडा वेळ दिसत होतं, मग नुसता गाडीचा आवाज येत राहिला, आणि तोही नदीच्या पुलाकडे लांबत गेला.